बटणांचं मराठी ऑडिओ बायबल : डायलिसिसच्या खाटेवर वापरून पाहिलेलं

आधी वस्तूबद्दल बोलते, मग बाकीचं.

तळहातात मावेल एवढा काळ्या प्लास्टिकचा डबा. वरच्या अर्ध्या भागात स्पीकरची जाळी, खाली शून्य ते नऊ आकड्यांची बटणं, मध्ये लाल आकडे दाखवणारी चिंचोळी पट्टी. आत मेमरी कार्डावर संपूर्ण बायबल, जुना करार आणि नवा करार, मराठीतून मोठ्याने वाचलेलं. साडेबाराशे रुपयांना घेतलं. उज्जीवन सभा (ख्रिस्ती प्रवचनांची मोठी सभा) असली की मांडवाबाहेर पुस्तकांची टेबलं लागतात, तिथून. कंपनीचं नाव विचाराल तर खोक्यावर ते नाहीच. एक कबुतर आहे, त्याच्या चोचीत जैतुनाची फांदी आहे, आणि खाली 'मराठी' असं पेनाने लिहिलंय. असेच डबे वेगवेगळ्या रंगांत सगळीकडे दिसतात, तेव्हा हे परीक्षण त्या जातीच्या डब्यांचं समजा.

आमच्याकडे तो आईसाठी आला. आई ७४ वर्षांची. साखरेने आधी तिचे डोळे अधू केले, मग किडन्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी नगरला डायलिसिस असतं. (अहिल्यानगर म्हणायची सवय जिभेला अजून व्हायची आहे.) एका वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला (सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा), त्यात दोन जाड सुया; एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. तो हात चार तास हलवायचा नाही. हलला की मशीन बोंबलतं आणि सिस्टर ओरडते. म्हणजे वाचायला डोळे नाहीत, धरायला एकच हात, आणि वेळ मात्र ढीगभर. रोज पहाटे बायबल मांडीवर घेऊन बसणारी बाई ही. पहिले काही आठवडे ती छताकडे बघत पडून राहायची, तेव्हा मी हे शोधायला लागले.

फोन का नाही, असं सगळेच विचारतात. बायबलची ॲप फुकट आहेत, त्यांत मराठी ऑडिओही आहे, आवाज या डब्यापेक्षा स्वच्छ आहे. भाच्याने लावूनही दिलं होतं. पण गुळगुळीत काचेवर बोट कुठे पडतंय ते तिला दिसत नाही. यशया संदेष्ट्याचं पुस्तक ऐन रंगात आलेलं असताना 'मॅडम, पर्सनल लोन हवंय का' म्हणत कोणीतरी मध्येच बोलायला लागतं. शिवाय ॲप रोज सकाळी 'आजचं वचन' पुढे करतं, आणि ते नेहमी गोड असतं. या गोडाबद्दल पुढे सांगते.

डब्याची बटणं मात्र बोटाला लागतात. पाचावर बारीकसा उंचवटा आहे, तो सापडला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. आधी पुस्तकाचा क्रमांक, मग अध्यायाचा. सोबत एक यादी येते, इतक्या बारीक अक्षरांत की माझ्या चष्म्यालाही ती जड गेली. आईला तिची गरज पडली नाही. चर्चच्या शब्बाथ शाळेत बायबलच्या सहासष्ट पुस्तकांची नावं तालावर पाठ केलेली, ती साठ-पासष्ट वर्षांनी कामी आली. मोकळ्या हाताच्या पेरांवर मोजत जाते : एज्रा १५, नहेम्या १६, एस्तेर १७, ईयोब १८, स्तोत्रसंहिता १९. नव्या करारात मत्तय ४०, फिलिप्पै ५०. आता मोजावंही लागत नाही.

आणि हे पाठ असावंच लागतं, कारण या डब्याचा सगळ्यात मोठा दोष असा की त्याला आठवण नाही. बंद करून चालू केला की पुन्हा बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, अध्याय पहिला, जिथे देव उजेड निर्माण करतो. कुठवर आलो होतो ते त्याच्या लेखी शून्य. त्यामुळे त्या वॉर्डात 'प्रारंभी देवाने' इतक्यांदा झालंय की मशीन लावणारी सिस्टर आत आली की विचारते, "मावशी, उजेड झाला का?" साडेबाराशे रुपयांत शेवटची जागा लक्षात ठेवणारं यंत्र देता येत नाही, हे मला पटत नाही. शेजारच्या खाटेवरच्या वारकरी आजोबांकडे हरिपाठाचा असाच डबा आहे, तो बरोबर जिथल्या तिथे सुरू होतो. आईची दोन्ही डब्यांची तुलना करून झाली आहे. येताना ती त्यांना ख्रिस्ती पद्धतीने 'सलाम' म्हणते, ते तिला 'रामकृष्ण हरी' म्हणतात, आणि मग दोघं आपापल्या इयरफोनात जातात.

दुसरा दोष पार्श्वसंगीताचा. वाचन चालू असताना मागे एक बासरीसारखी धून सतत वाजते. स्तोत्रांना ती चालून जाते. पण तीच धून गुलगुथ्याला, म्हणजे येशूच्या वधस्तंभाच्या प्रसंगालाही आहे, तीच लेवीय पुस्तकातल्या चर्मरोगाच्या नियमांनाही. बंद करायची सोय नाही. वाचणारा माणूस चांगला आहे. पोक्त आवाज, घाई नाही, अब्राहामाचा वेगळा आवाज आणि सारेचा वेगळा असलं नाटक नाही. '१ इतिहास' या पुस्तकातली वंशावळीची नावंही तो त्याच गांभीर्याने वाचतो. तिथे आईला हमखास झोप लागते. चार तासांत तेही कामाचंच आहे.

आता गोड वचनांबद्दल.

आजारी माणसाकडे मंडळीतली, म्हणजे चर्चमधली माणसं येतात, प्रार्थना करतात. आम्हाला त्यांचा फार आधार झाला, जेवणाचे डबे आले, रात्री सोबतीला माणसं आली, हे आधी सांगते. पण येताना वचनही आणतात, आणि बहुतेक वेळा एकच : सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना. १ थेस्सलनीकाकरांस पत्र, पाचवा अध्याय, अठरावं वचन. हेच व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलावर येतं, उगवत्या सूर्यावर येतं, एकदा तर कॉफीच्या कपावर आलं होतं. वचन खरंच आहे, मी कोण नाही म्हणणारी? ते ज्यांना लिहिलं ते लोकही सुखात नव्हते. छळ चालू होता, आणि माणसं गेली म्हणून ते रडत होते, हे त्याच पत्राच्या आदल्या अध्यायांत आहे. फक्त फुलावर तेवढं मावत नाही.

एका शुक्रवारी आईचं बीपी मध्येच उतरलं, पोटऱ्यांत गोळे आले. डायलिसिसमध्ये अंगातलं पाणी भराभर काढलं की असं होतं. मोठी बाई कळवळून रडली. संध्याकाळी भेटायला आलेल्या एका बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "मावशी, रडायचं नाही, आपली साक्ष बिघडते. उपकार माना." आईने मान डोलावली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "बेबी, एकोणीस दाब. मग अठ्ठ्याऐंशी."

स्तोत्र ८८ मी तोवर नीट ऐकलं नव्हतं. आमच्या उपासनेत ते वाचलं गेल्याचं मला आठवत नाही. संकटातल्या बहुतेक स्तोत्रांना शेवटी एक वळण असतं. तेरावं 'कोठवर?' असं विचारत सुरू होतं आणि सहा वचनांत गाण्यावर येऊन थांबतं. बाविसावं, ज्याचे शब्द प्रभू येशूच्या तोंडी वधस्तंभावर होते, तेही अखेर स्तवनाकडे जातं. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. सुरुवातीला तारणाऱ्या देवाला हाक आहे, तेवढाच काय तो उजेड. पुढे सगळी तक्रार : तू मला खोल गर्तेत टाकलंस, माझी माणसं माझ्यापासून दूर केलीस. आणि शेवट अंधारावर. मात्र मी तुला हाका मारतोय, हे त्यात तीनदा सांगितलंय. हात पसरायचं त्या माणसाने सोडलेलं नाही.

ॲपवर हे 'आजचं वचन' म्हणून आलेलं मी कधी पाहिलं नाही. डबा मात्र ८७ झालं की ८८ लावतो आणि मग ८९. त्याला निवडता येत नाही. कोणतं वचन माणसाला बरं वाटेल याचा विचार त्याच्याकडे नाही, आणि माझ्या मते त्याचे साडेबाराशे रुपये इथे वसूल होतात. दीडशे स्तोत्रं ओळीने ऐकली की कळतं, रडगाणी किती आहेत, आणि ती वगळून कोणी पुस्तक बांधलेलं नाही. आईला हे आधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "सगळं बरं आहे असं पाळकसाहेबांना सांगायचं. देवाला कशाला?"

छप्पन्नावं स्तोत्र तिचं खास आवडीचं झालंय. देव आपली आसवं बुधलीत भरून ठेवतो असं त्यात आहे. आईला दिवसाला एक लिटरच पाणी घ्यायची परवानगी, तेही चहा, आमटी, औषधाचे घोट सगळं धरून. प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा घोटही ती त्यात मोजते. डायलिसिसच्या आधी वजन, नंतर वजन, किती लिटर काढलं ते फाईलवर. छप्पन्नावं ऐकून म्हणते, "इकडे सिस्टर मोजते, तिकडे तो मोजतोय. हिशोब जुळला पाहिजे."

मग फिलिप्पै, म्हणजे ५० दाबायचं. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला हे पत्र बंदिवासातून लिहिलं, आणि आनंद करा, आनंद करा असं त्यात सारखं येतं. सभांमध्ये याच्यावर खूप ऐकलंय : बघा, तुरुंगातही माणूस कसा आनंदी. आईने ते इयरफोनमधून बरेचदा ऐकल्यावर वेगळंच काढलं. म्हणाली, त्याने पोच दिलीय. फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती. तो बिचारा इकडे येऊन मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. पौल लिहितो, तुम्ही पाठवलेलं मिळालं, ज्याच्या हाती पाठवलं तो आजारी होता, आता बरा आहे, त्याला परत पाठवतोय. बेड्या बऱ्या आहेत असं तो कुठेच म्हणत नाही. माणसाचं नाव घेतो, आणि वस्तू मिळाली म्हणतो.

हे तिला कुठून सुचलं ते मला ठाऊक आहे. आईची आजी १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणलेल्या मुलींपैकी. पंडिता रमाबाईंनी त्यांना केडगावला आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात आणलं. दौंडकडच्या लाइनवरचं केडगाव, आमच्या नगरचं नव्हे. तिथे छापखाना होता आणि बायकाच तो चालवत. ही आजी तिथे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करत होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात बाहेर आलं. त्याची एक प्रत आमच्या कपाटात आहे, पाठ निखळलेली. आजी दुष्काळाची गोष्ट सांगायची ती माणसांची यादी करून : एका गाडीवानाने पाणी दिलं, एका बाईने डोक्यातल्या उवा काढल्या, एकीने पहिली भाकरी मोडून दिली, सगळी एकदम खाऊ नको म्हणाली. देवाने दुष्काळ आणला ते बरंच झालं, असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. डब्यातला पाठ बायबल सोसायटीचा आहे, आजीच्या छापखान्यातला नाही. त्यामुळे आई अधूनमधून डब्याला टोकते, "आजी असं म्हणत नव्हती."

या सगळ्याचा परिणाम आमच्या मंडळीवर झाला, तोही सांगते. आमच्याकडे दानार्पणाच्या वेळी उपकारस्तुतीची पाकिटं येतात. पाकिटावर नाव आणि कारण लिहायचं, पाळकसाहेब ते वाचून दाखवतात. कारणं ठरलेली : वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलगा पास झाला, नवीन गाडी, सुखरूप प्रवास. आईने मला सांगून लिहवून घेतलं : "मंगळवारी सुई पहिल्या खेपेला लागली याबद्दल, ५० रुपये." आणि खाली सुई लावणाऱ्या ब्रदरचं नाव. पाळकसाहेबांनी वाचलं, अर्धी मंडळी वळून आमच्या बाकाकडे बघायला लागली. पुढच्या वेळी : सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचा कागद वेळेत मंजूर झाला, आणि काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्यांदा यायला लावलं नाही. (या योजनेत डायलिसिस बसतं, म्हणून आम्ही तगलो. पतसंस्थेतल्या कारकुनाच्या पगारात हे झालं नसतं.) मग रिक्षावाल्याचं नाव आलं. मग वारकरी आजोबांचं, कारण त्यांनी स्वतःची शाल दिली होती. त्या एसीत माणूस गोठतो.

आणि गोळे आले त्या आठवड्याचं पाकीट असं होतं : "हा आठवडा फार वाईट गेला. ५० रुपये." बस. 'याबद्दल' नाही, काही नाही. मी म्हटलं, आई, कारण काय लिहू? म्हणाली, लिहिलंय की. पाळकसाहेब वाचताना जरा थांबले, पाकीट उलटून मागे काही आहे का बघितलं, आणि मग जसं होतं तसं वाचलं. सगळ्यांना उभं राहायला सांगून त्यांनी प्रार्थना केली, तीही लांबवली नाही. नंतरच्या काही रविवारी अशी आणखी पाकिटं आली. एक मुलाची नोकरी गेल्याचं होतं, एक नुसतंच "झोप लागत नाही" असं. ज्या बाईंनी साक्ष बिघडते म्हटलं होतं, त्यांचंही एक होतं. त्यात काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

डब्याकडे परत येते, कारण घेणाऱ्यांना उपयोगाच्या काही गोष्टी राहिल्यात.

बॅटरी जुन्या नोकिया फोनला असायची तसली चपटी आहे. फुगली किंवा उतरली तर मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळते. पूर्ण चार्ज असली तर चार तास सहज निघतात. एक जास्तीची पर्समध्ये ठेवा. चार्जिंगची पिन मात्र जुन्या पद्धतीची, आताच्या फोनची लागत नाही, तेव्हा सोबतची वायर जपा. आवाज कमी-जास्त करायच्या पायऱ्या फार मोठ्या आहेत, एकदम कुजबुज नाहीतर एकदम सभा. वॉर्डात स्पीकर लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. इयरफोन लावला तरी एकाच कानात घाला, दुसरा कान मशीनच्या अलार्मला आणि सिस्टरला मोकळा हवा. चालू-बंदचं बटण बाजूला आहे आणि कुशीवर वळताना दाबलं जातं (म्हणजे पुन्हा उत्पत्ती पहिला). आम्ही त्याच्यावर चिकटपट्टी लावून टाकली आहे.

कोणी घेऊ नये? ज्यांचे डोळे आणि दोन्ही हात शाबूत आहेत त्यांनी ॲप वापरावं, नाहीतर सरळ पुस्तक उघडावं. कॅथलिक घरांत घेणार असाल तर यात सहासष्टच पुस्तकं आहेत, त्र्याहत्तर नाहीत, हे लक्षात ठेवा. गाण्यांसाठी घेत असाल तर निराशा होईल. शेवटी दहा-बारा गीतं भरलीत, पण ती कुठल्या तरी हॉलमध्ये मागच्या बाकावरून रेकॉर्ड केल्यासारखी ऐकू येतात. आजारी माणसाला भेट म्हणून देणार असाल तर जरूर द्या. सोबत वचन लिहिलेलं कार्ड द्यायची गरज नाही, आत सगळं आहे.

आणि पैसे द्यायच्या आधी टेबलावरच चालू करून बघा. उत्पत्ती लागते म्हणून समाधान मानू नका, ती सगळ्यांत लागते. १९ दाबा, मग ८८. आमच्या ओळखीच्या एका घरी घेतलेल्या डब्यात स्तोत्रं ८० पर्यंतच भरलेली होती, आणि विकणारा तोवर दुसऱ्या गावच्या सभेला गेला होता.